अण्णांच्या कानातला फाया

मी पत्रकं लिहिते. गायरान, पाणी, खदानी, रेशन, जे पेटलेलं असेल ते. पत्रकात भीती लिहायची नसते, हा पहिला धडा. ‘आम्ही घाबरत नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आमचा डीटीपीवाला ते मी सांगायच्या आधीच टाकून ठेवतो. हे लिखाण पत्रक नाही. यात मी घाबरलेली आहे, सुरुवातीपासून, आणि अजून पुरती सावरलेली नाही.

जळकोटच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात एक घळ आहे. जवळच्या गावाचं नाव सांगत नाही, अण्णांची तशी अट आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. वरून पाहिलं तर घळ म्हणजे नुसता तडकलेला काळा दगड. आत उतरलं की दोन्ही अंगांनी कडे उभे राहतात, आभाळ चिंधीएवढं उरतं, आणि भर चैत्रातही एका उंबराखाली पाणी झिरपत असतं. त्या ओलीवर फुलपाखरं बसतात.

ही घळ खदानीला द्यायचं कागदोपत्री ठरत आलं होतं. कागदात जमिनीचं वर्णन होतं: खडकाळ, पडीक व निरुपयोगी. निरुपयोगी कुणाला? हे लिहिणारे जीपमधून खालीसुद्धा उतरले नव्हते, असं तिथल्या गुराख्यांनी मला सांगितलं. काच खाली करून बघितलं, काच वर केली, गेले. आमच्या वस्तीबद्दलही लोक असंच काच वर करून बोलत आलेत, म्हणून तो शब्द मला जास्त झोंबतो.

सुनावणी जवळ आली होती. आमच्या गटातले ज्येष्ठ भाऊ म्हणाले, “भाषण कमी कर. फोटो आण. हापिसात फोटोला किंमत हाय.”

एकटीनं जायची माझी छाती नव्हती. मागच्या खेपेला फाट्यावरच्या टपरीत पांढऱ्या कपड्यातला एक अनोळखी माणूस माझ्या बाजूला येऊन बसला होता. फार अदबीनं बोलला. “ताई, घळीत लई फिरू नका. दगड निसटतेत तिथं.” एवढंच. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. त्या ‘ताई’नं मात्र माझी झोप घालवली. मैत्रिणींना विचारलं. एकीची परीक्षा होती, एकीला बघायला पाहुणे येणार होते. घरात हे बोलणं ऐकून अण्णा म्हणाले, “मी येतो की. मला कुठं ड्युटी हाय आता.”

अण्णा एसटीत कंडक्टर होते. लातूर-देगलूर, लातूर-औसा, सगळ्या गाड्यांवर उभं राहून उजवा गुडघा घालवून बसले. रिटायर झाल्यावर गच्चीत तेलाच्या डब्यांत कढीपत्ता लावला. त्याच्यावर अळ्या आल्या. आई अळ्या वेचून फेकायला निघाली तर हे आडवे आले. तेव्हापासून आमच्या घरात कढीपत्ता विकत येतो. “भाजीला एक पान ठेवंना हा माणूस,” आई शेजारणींना सांगते, “किड्याला चारायलाय.” त्या अळ्यांची फुलपाखरं होऊन उडाली त्या दिवसापासून अण्णांना नाद लागला. नावं त्यांना एकाचंही माहीत नाही. त्यांनी आपल्या सोयीनं लावलीत. फुलाफुलावर थांबणारं ते साधी गाडी. दोन-चार फुलं सोडून बसणारं ते जलद. पंख पसरून ऐटीत बसलेलं ते निमआराम. आणि कुठंच न टेकणारं ते विनाथांबा, त्याच्यावर त्यांचा राग.

तर असा गुडघा घेऊन, जिथं दगड निसटतात असं मला सांगितलं गेलं होतं, तिथं मी वडिलांना घेऊन चालले होते. काळीपिवळी जीपमधून फाट्यावर उतरल्या उतरल्या मी आधी टपरीकडे बघितलं. टपरीवर तो पांढऱ्या कपड्यातला नव्हता. नसल्याचीही भीती वाटली.

फाट्यापासून घळीपर्यंत जी शेवटची वस्ती लागते तिथं लग्न होतं. मांडव घातलेला, वऱ्हाड अजून यायचं होतं. आम्ही कडेनं निघालो तर आतून हाक आली.

“ओ पाव्हणं, मांडवावरून तसंच कुठं निघालाव?”

अण्णा थांबले. “डोंगरात. फुलपाखरं बघायला.”

“काय बघायला?”

“फुलपाखरं.”

बायकांनी तोंडाला पदर लावला. एक म्हणाली, “लेकीला दावायलेत जणू. लेक केवढी, फुलपाखरू केवढं.”

“तिला न्हाई. मला बघायचीत,” अण्णा म्हणाले. मग पुरुषही हसले आणि आम्हाला ओढून बसवलंच. मुरमुऱ्याचा सुशीला आला, चहा आला. हाक मारणारा म्हातारा नवरीचा आजोबा होता. नवं धोतर, गुलाबी फेटा, हातात चांदीची अत्तरदाणी. आल्या-गेल्याला अत्तर लावायचं काम त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं आणि त्या कामावर तो खूश होता.

“तुमी कोणाचे म्हणायचे?” त्यानं अण्णांना विचारलं.

“एसटीचे,” अण्णा म्हणाले.

मोठा हशा झाला. हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलेय. लोक हसतात आणि प्रश्न वाहून जातो. अण्णा जन्मभर त्या हशाच्या आडोशाला बसत आलेत आणि मला ते कधी बघवलं नाही.

“आम्ही बौद्ध आहोत, आजोबा,” मी म्हणाले. “लातूरचे.”

हशा थांबला. पातेल्यातला डाव कुणीतरी हळूच खाली ठेवला. अण्णांचा चमचा बशीपासून तोंडापर्यंतच्या वाटेत अडकला. मी पोलीस ठाण्यात उलटं बोललेली मुलगी आहे, पण त्या क्षणी मी घाबरले. माझ्यासाठी नाही. पुढं जे काही बोललं जाईल ते अण्णांना त्या बशीवर मान खाली घालून ऐकावं लागेल, याची भीती.

म्हातारा म्हणाला, “असू द्या की. मांडवात आलेला पाव्हणा.”

आणि तो उठून अण्णांपाशी आला. त्यांच्या मनगटावर अत्तर चोळलं. मग कापसाचा बारीक फाया करून तो अत्तरात बुडवला आणि स्वतःच्या बोटांनी अण्णांच्या कानाच्या वळीत नीट बसवला, जुनी माणसं बसवतात तशी. हिन्याचा दाट वास सुटला. माझ्याकडे वळला तेव्हा मी मागं सरले. “मला वासानं डोकं दुखतं.”

“लेक तिखट हाय तुमची,” म्हातारा म्हणाला.

“तिच्या आईवर गेली,” अण्णा म्हणाले. परत हसणं सुरू झालं. आम्ही निघालो.

घळीत उतरताना मी पुढं, अण्णा मागं. पळस फुलून गळायला लागला होता, वाटेवर सगळीकडे त्याच्या पाकळ्या. अण्णा काठी टेकत, तिरपे होत, एकेक पाऊल उतरत होते. प्रत्येक दगड मी आधी पायानं दाबून बघत होते. निसटतो का. कुणी निसटायला ठेवलाय का. असले विचार.

“अण्णा, तो कानातला बोळा काढा. घामानं आत जाईल.”

“ऱ्हाऊ दे.”

“वास माझ्या डोक्यात चढायलाय.”

“तर तू जरा पुढं चाल.”

थोड्या वेळानं त्यांनीच विषय काढला, थांब्याचं नाव पुकारावं तितक्या सरळ आवाजात. “आमच्या लहानपणी लग्नात अत्तरदाणी फिरायची. आमच्या पंगतीपाशी आली की माघारी वळायची. आज त्यानं हातानं कानाला लावलंय.”

मी भडकले. “म्हणजे उपकार केले का? त्यात काय एवढं, अण्णा? माणसाच्या कानाला माणसानं हात लावला, ह्याचं कौतुक तुम्हाला वाटावं, ह्याचीच मला...”

“पत्रक लिहू नको आता. खाली बघून चाल.”

तेवढ्यात वर कड्यावरून मोटारसायकलचा आवाज आला. दोघं जण गाडी उभी करून कडेला येऊन खाली बघत उभे राहिले. आभाळाच्या पट्टीवर दोन काळ्या आकृत्या, चेहरे दिसत नव्हते. त्यांनी वरून एक दगड नुसता पायानं लोटला असता तरी काम झालं असतं. अण्णांनी मात्र मान वर करून हात हलवला, सुटलेल्या गाडीतल्या ओळखीच्या प्रवाशाला हलवावा तसा. वरच्यांनी हलवला नाही. थोडा वेळ बघितलं, गाडीला किक मारली, आवाज लांब गेला. मला तो आवाज गेल्यानंतरही बराच वेळ ऐकू येत राहिला.

पुढं एका वळणावर कडा बाहेर झुकलेला आहे. त्याच्या पोटाखाली आग्या मोहोळं लटकलेली होती, काळी, भाकरीच्या तव्यासारखी. त्यांच्या अंगावरून मधूनमधून एक लहर सरकत होती. आम्हाला दोघांनाही ती लांबून दिसली. त्यात काही चूक झाली नाही. धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हे आमच्याकडं कुणालाही शिकवावं लागत नाही. अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. मी फोनचा आवाज बंद केला. आम्ही श्वास धरून, पाय उचलून टाकत, त्याच्या खालून गेलो. पलीकडं आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, “पास दाखवला, सुटलो.”

उंबर तिथून हाकेच्या अंतरावर होता.

मी ते कसं सांगू. उंबराच्या मुळांत दगड काळे ओले होते आणि त्या ओलीवर पिवळी फुलपाखरं दाटीवाटीनं बसलेली, पंख मिटून, सगळी एकाच दिशेला तोंड करून. भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ कुणी सांडून ठेवावी तशी. जरा पाय हलला की ती डाळ उठायची आणि परत बसायची. पांढरी होती. काळ्या अंगावर निळे पट्टे असलेली होती, ती मुळांच्या सावलीत झुंबरासारखी लोंबकळत होती. अण्णा खडकावर बसले, दुखरा पाय लांब केला. मग म्हणाले, “डेपो हाय हा, माय. सगळ्या गाड्या हितं मुक्कामाला.”

मी फोटो काढले. मग पिशवीतून आमचा कापडी फलक काढला. पांढऱ्या मांजरपाटावर लाल अक्षरं, मीच रंगवलेली: दरी जिवंत आहे. तो उंबराच्या फांदीला एका टोकानं अडकवला. अण्णांच्या हातावर एक पिवळं येऊन बसलं होतं, घाम पीत. अण्णा पुतळा झाले होते. नुसते डोळे माझ्याकडे वळवून विचारत होते, आला का फोटो. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात त्यांच्या कानाजवळ एक तपकिरी ठिपका दिसतो. तेव्हा मला तो दिसला नव्हता.

ती पहिली माशी.

अण्णांनी डोकं जरा कलतं केलं. दुसरी आली. “हलू नका,” मी म्हणाले. ते हललेच नव्हते. मग मागून घरघर ऐकू आली आणि मला वाटलं मोटारसायकल परत आली. माझी नजर आधी वर कड्यावर गेली, त्या दोघांना शोधत. कडा रिकामा होता. आवाज वाढत होता आणि तो वरून येत नव्हता, आम्ही आलो त्या वळणावरून येत होता, जमिनीला समांतर, आमच्या डोक्यांच्या उंचीनं.

पिवळी डाळ एकदम उठली. तेवढं रंगाचं आठवतं, नंतर सगळं काळं.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी डोक्याला हात मारला, उठायला गेले, आणि गुडघ्यानं दगा दिला. ते खडकावरून कलंडले. त्यांचं अर्धं डोकं, उजवा कान, मान, दिसेनासं झालं होतं. त्याच्यावर एक हलतं फडकं होतं आणि ते फडकं माशांचं होतं. “पळ तू,” ते म्हणाले. “पळ, पोरी.”

मी फलक फांदीवरून ओढला. तो फाटला. आम्हा दोघांच्या अंगावर घेतला आणि त्यांच्यावर पडले.

आत पांढरा उजेड होता आणि उलटी लाल अक्षरं. बाहेरून माशा कापडावर आपटत होत्या, कढईत मुरमुरे फुटावेत तसा आवाज. आत आलेल्या मी हातानं, कोपरानं, गालानं चिरडत होते. मलाही चावत होत्या, पण मोजक्या, आणि त्याही हातांना. अण्णांच्या मात्र सगळ्या त्या एकाच बाजूला. कानाला. मी चिरडल्या तेवढ्या परत तिथंच येत होत्या, कडेखालून घुसून, मला ओलांडून, थेट तिथं. ह्यांनी काय केलंय, असं मला वाटून गेलं, ह्या माणसानं कुणाचं काय केलंय. रडावं तसा तो विचार आला. मी श्वास घेतला आणि त्या कोंदट कापडात हिन्याचा वास माझ्या घशापर्यंत गेला.

फाया.

घामानं आणि झटापटीत तो वळीतून आत सरकला होता आणि कान त्याच्याभोवती सुजून मिटत आला होता. मी बोटं घातली. अण्णांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मला आजही सांगता येत नाही की ते दुखण्यानं धरलं होतं की कशानं.

“काढू द्या, अण्णा. अण्णा, काढू द्या.”

त्यांनी हात सोडला. मी तो बोळा माशांसकट ओढून काढला आणि कापडाच्या कडेखालून जितका लांब फेकता येईल तितका फेकला. त्यांच्या मनगटावरही अत्तर चोळलं होतं, ते ओल्या चिखलानं खरडून काढलं. पदर असता तर पदरानं पुसलं असतं, चिखल हाताशी होता.

मग आम्ही तो फलक पांघरून निघालो, पोळ्याच्या बैलाच्या झुलीसारखा. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दोघंही वाकलेले, मला फक्त पुढचा हातभर दगड दिसत होता. परत त्या वळणाखालून जायचं होतं, दुसरी वाट नाही. तिथं मी थांबले. अण्णा म्हणाले, “चल.” मी चालले. माशा बराच लांब आल्या, मग कमी झाल्या, मग एखाद-दुसरी.

पळसांपाशी आल्यावर अण्णा उलटी करून खाली बसले. त्यांचा एक डोळा बंद झाला होता, दुसरा होत होता. ओठ उलटे झाले होते. “फोटो...” असं काहीतरी ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पुढचं कळलं नाही. तोपर्यंत मी त्यांच्या चेष्टेवर जगत होते. त्यानंतर ते बोलेनात आणि श्वास शिट्टीसारखा यायला लागला. मला बाकी काही नको होतं. घळ जाऊ दे, खदान होऊ दे, डोंगर कापून न्या, पण ही शिट्टी थांबू नये आणि ही शिट्टी थांबावी, दोन्ही एकदम. रेंज नव्हती. मी त्यांना अर्धं उचलून, अर्धं ओढून मांडवापर्यंत आणलं.

वऱ्हाड आलेलं होतं. वाजंत्री चालू. नवरदेवाची गाडी दारात, सगळीकडून झेंडू आणि मोगरा लावलेली. त्या वस्तीत चारचाकी तेवढीच. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वाजंत्री थांबली.

“गाडी द्या,” मी म्हणाले.

वऱ्हाडातला एक जाडसा माणूस, नवरदेवाचा मामा होता असं मागून कळलं, पुढं आला. “अवो, नवरदेवाची गाडी हाय ती. आजच्या दिवशी दवाखान्याला कशी जाईल? अपशकुन हुईल. मोटारसायकलवर न्या.”

“मोटारसायकलवर बसंल का तो माणूस? डोळं हायत का तुला?” म्हातारा मागून म्हणाला. तो अण्णांच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचं स्वतःचं तोंड पांढरं पडलं होतं. “किल्ली कोणापाशी हाय?”

“पण आजोबा...”

“नवरदेव कुठं निघालाय आत्ताच? दारात तर हाय. काढ गाडी.”

ड्रायव्हरनं काढली. दोघा पोरांनी अण्णांना आत ठेवलं. मला त्या गाडीचीच भीती वाटत होती, इतकी फुलं. मी काचा लावायला लावल्या आणि आतली माळ तोडून बाहेर टाकली. बाहेरची तशीच राहिली. अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर. मी नखानं त्यांच्या मानेतले काटे खरडत होते आणि प्रत्येक श्वासाला कान लावून बसले होते. रस्त्यानं लोक नवरीची गाडी समजून वाकून बघत होते. एका जीपनं लांब हॉर्न देऊन हसत वाट दिली. शाळेच्या पोरी हात हलवत होत्या. मी त्यातल्या एकीकडे बघितलं असणार, कारण तिचा हात तिथंच थांबला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नसते तर मी तेही लिहिलं असतं. त्यांनी बघताक्षणी दंडात इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. एक सिस्टर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं काटे काढत बसली, शांतपणे, मेथी निवडावी तशी. शिट्टी हळूहळू बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, “आज इथंच राहू द्या. किडनीचं बघावं लागेल.” मी हो म्हणाले आणि कॉटच्या दांडीला धरून उभी राहिले, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

भाऊंचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अण्णांची चौकशी त्यांनी केली, मनापासून केली. मग म्हणाले, “सुरुंगानं मोहोळ उठलं असंल. सुनावणीत हे आलं पाहिजे. आजच पत्रक टाक.”

“त्या बाजूला आज काही चालू नव्हतं, भाऊ. अजून खदान सुरूच नाही.”

“शेजारची तर हाय. कोण तपासतंय?”

“मी नाही लिहिणार,” मी म्हणाले. “खोटं आहे ते.” आणि फोन ठेवला. खदानवाल्यांविरुद्ध लिहायला आधीच पुरेसं खरं आहे.

उन्हं कलल्यावर म्हातारा आला. लग्न लागून गेलं होतं. फेट्याच्या वळ्यांत अक्षता अडकलेल्या, हातात बुंदीचा डबा. तो कॉटपासून जरा लांबच उभा राहिला. अण्णांचा एक डोळा आता चिरेएवढा उघडत होता.

“पाव्हणं,” तो म्हणाला. “एक इच्यारू का?”

“इच्यारा.” शब्द फुगलेल्या ओठांतून कसाबसा आला.

“पोरं म्हणायलीत, वासाला मोहोळ उठतं म्हणून. मी लावल्यालं अत्तर... त्यानं तर न्हाई ना झालं?”

मी तोंड उघडलं होतं. मी कॉटच्या ह्या बाजूला होते, माझे हात पट्ट्यांनी भरलेले होते, आणि ज्या बोटांनी तो फाया ओढून काढला ती बोटं अजून हिन्यानं घमघमत होती. साबणानं दोनदा धुऊनही.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. “न्हाई हो,” ते म्हणाले. “ते तर मी घळीत उतरायच्या आधीच काढून खिशात घातलं हुतं. घाम येतो मला.”

म्हातारा स्टुलावर बसला. “मग बरं,” तो म्हणाला. “मला वाटलं, माझ्याच हातानं...” त्यानं बोलणं अर्धं ठेवलं, बुंदीचा डबा उशाशी सरकवला, आणि उठून अण्णांच्या चादरीचं सरकलेलं टोक नीट केलं. “नवरी नांदायला गेली. गाडीतच गेली. फुलं परत लावली पोरांनी.”

“बरं झालं,” अण्णा म्हणाले.

तो गेल्यावर मी दार लोटलं.

“खोटं बोललात तुम्ही.”

“हाव.”

“का?”

त्यांना बोलायला वेळ लागत होता. मी वाट बघितली. “मी हाव म्हणलो असतो, तर पुढच्या लग्नात आमच्यातला कोणी आला की त्या म्हाताऱ्याचा हात अत्तरदाणीपाशीच थांबला असता. भीतीनं का हुईना.”

“थांबला तर थांबला. तुमचा जीव जात होता, अण्णा. एका बोळ्यापायी. मी सांगत होते काढा म्हणून.”

“गेला का?”

माझ्याकडे उत्तरं होती. दोन्ही बाजूंनी छापता येतील इतकी. कुणाच्या हाताला मान द्यायला आपण जीव टांगायचा का, आपला कान काय कुणाच्या मोठेपणाची जागा आहे का, असली. पण मी त्यांच्या कानाकडे बघत होते. तो वांग्यासारखा जांभळा सुजला होता, त्याची वळी दिसतच नव्हती. मी परत त्यांचे श्वास मोजायला लागले, गाडीत कान लावून बसले होते तसे. आता तर काही होणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धोका टळला. तरी मोजत होते.

सलाईनची बाटली तळाला आली होती. मी सिस्टरला बोलवायला गेले.